कुबाच्या मशिदीचं वय किती?

मदिनेजवळच्या कुबाच्या मशिदीला जाताना वजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुणं, घरूनच करून निघायचं असतं. हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, तशी आहे: जो आपल्या घरी पाक होऊन कुबाच्या मशिदीत येईल आणि तिथे नमाज पढेल, त्याला एका उम्र्याचा, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेचा, सवाब (पुण्य). त्यामुळे मदिनेतल्या त्या सकाळी आमच्या बसमध्ये भलतीच शांतता होती. चाळीसेक माणसं, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडची, एरवी चहावाचून दहा मिनिटं न निघणारी. पण त्या दिवशी कुणी पाण्याची बाटली उघडत नव्हतं. वजू टिकवायचं तर पोट रिकामं ठेवलेलं बरं. माझ्या आईने तर पहाटेपासून चहालाही हात लावला नव्हता. मागच्या सीटवरच्या एका चाचांना मात्र डुलकी लागली, बायकोने कोपरखळी मारून उठवलं आणि मग झोपेने वजू तुटलं की नाही यावर मशीद येईपर्यंत चर्चा झाली.

बस थांबली. टूरवाल्याच्या माणसाने तीस मिनिटं दिली. समोर पांढरीशुभ्र, चार मिनारांची, मोठ्या घुमटांची मशीद, बाहेर अजवा खजूर, मिस्वाक, तसबीह आणि पुदिन्याच्या जुड्या विकणारे. आई पायऱ्यांपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हीच का? नाना तर सांगायचे, आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीएवढी आहे म्हणून."

नाना म्हणजे तिचे वडील. १९७२ साली मुंबईहून मुघल लाईनच्या बोटीने हजला गेले होते. कुबाबद्दल ते घरी नेहमी सांगत. खजुरीच्या बागा, त्यात एक बैठी पांढरी मशीद, आत शिरल्यावर गारवा. एवढंच वर्णन, पण आईने ते पन्नास वर्षं जपलं होतं आणि आता ते समोर कशाशीच जुळत नव्हतं. मी तिला म्हटलं, ती पाडली, ही १९८६ साली बांधलेली. आई काही बोलली नाही. आत जाऊन दोन रकात नमाज पढली, दुआ मागितली आणि बाहेर येऊन पुदिन्याची एक जुडी घेतली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

कुबाचं महत्त्व मुसलमान वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. इ.स. ६२२मध्ये पैगंबरसाहेब मक्का सोडून मदिनेकडे निघाले, तेव्हा मदिनेत शिरण्याआधी ते कुबा या वस्तीत काही दिवस थांबले. बनू अम्र बिन औफ या कबिल्याची ही वस्ती. तिथे कुल्सूम बिन हिद्म यांच्याकडे ते उतरले, आणि त्यांच्याच खजूर वाळवण्याच्या खळ्याच्या जागेवर मशिदीचा पाया घातला गेला. हिजरतीनंतरची, म्हणजे या स्थलांतरानंतरची, ही पहिली मशीद. कुराणातल्या सूरह तौबाच्या १०८व्या आयतीत 'पहिल्या दिवसापासून तकव्यावर (ईश्वरनिष्ठेवर) उभारलेल्या' मशिदीचा उल्लेख आहे, तो कुबाचा असं बरेच मुफस्सिर, म्हणजे कुराणाचे भाष्यकार, मानतात. काही जण तो मस्जिदे नबवीचा, म्हणजे मदिनेतल्या पैगंबरसाहेबांच्या मशिदीचा, मानतात, आणि त्यालाही हदीसचा आधार आहे. पण कुबाच्या भिंतींवर आणि जियारतीच्या (यात्रेच्या) पुस्तकांत हीच आयत लिहिलेली असते. मुद्दा हा की त्या मशिदीची थोरवी त्या 'पहिल्या दिवसात' आहे. आणि त्याच जागेवर आज उभं राहिलं तर १९८६च्या आधीचा एकही दिवस डोळ्यांना दिसत नाही.

इथे लगेच कुणी म्हणेल, की पैगंबरसाहेबांच्या काळची मशीद १९८४ साली तरी कुठे उभी होती? बरोबर आहे. नव्हतीच. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी ती वाढवली. उमर बिन अब्दुल अजीज मदिनेचे सुभेदार असताना त्यांनी ती पुन्हा बांधली, मिनार उभारला. पुढे इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी डागडुजी केली, मग ऑटोमन सुलतान दुसरा महमूद याने १८२९च्या सुमारास नव्याने बांधली, १९६८मध्ये शाह फैसलच्या काळात आणखी काम झालं. नानांनी पाहिली ती ही अशी, थरावर थर चढलेली. म्हणजे मी ज्याच्या नावाने हळहळतो आहे, ते बांधकाम जेमतेम दीडशे वर्षांचं होतं. हा आक्षेप मी स्वतःलाच अनेकदा घेतला आहे आणि तो खोटा नाही.

तरीही थर असणं आणि थर नसणं यात फरक आहे. आजोबांच्या घराला वडिलांनी पडवी काढली, काकांनी माडी चढवली, तर घर बदलतं, पण कुठली भिंत कुणाची ते सांगता येतं. सगळंच जमीनदोस्त करून त्याच चौथऱ्यावर बंगला बांधला की सात-बारा तोच राहतो आणि सांगण्यासारखं काही उरत नाही.

ही नवी मशीद वाईट आहे असं मात्र म्हणवत नाही. ती बांधली अब्देल-वाहिद अल-वकील या इजिप्शियन वास्तुरचनाकाराने. हसन फतहींचा शिष्य, विटांच्या घुमटांच्या जुन्या विद्येचा जाणकार, जेद्दाच्या समुद्रकाठच्या त्याच्या मशिदीला १९८९चा आगा खान पुरस्कार मिळाला. कुबात त्याने मध्ये अंगण ठेवलं, काळ्या-तांबड्या-पांढऱ्या संगमरवराची फरशी घातली, वर उन्हाच्या वेळी ओढून घ्यायचं छत. खांबांच्या झुपक्यांवर सहा मोठे घुमट. उघड्या पावलांना ती फरशी कशी लागते ते मी विसरणार नाही. पण मूळ बेत जुनी मशीद पोटात घेऊन नवी बांधण्याचा होता, आणि प्रत्यक्षात जुनी पाडली गेली, हे नोंदलेलं आहे. म्हणजे पर्याय कुणाला सुचला नाही असं नाही. सुचला होता, कागदावर होता, आणि सोडून दिला गेला.

का सोडला, याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात. एक गर्दीचं, एक अकीद्याचं, म्हणजे धर्मश्रद्धेचं. दोन्ही नीट तपासली पाहिजेत, कारण ती फक्त मदिनेत दिली जातात असं नाही.

गर्दीचं उत्तर खरं आहे. नानांच्या काळी बोटीने जेवढे जायचे तेवढेच जायचे. १९९५ला मुंबईच्या हजच्या बोटी बंद झाल्या आणि सगळं विमानावर आलं. आज एकट्या भारताचा हजचा कोटा १ लाख ७५ हजार २५ आहे, आणि उम्र्याला तर वर्षभर माणसं जातात. सौदी सरकारने २०३०पर्यंत परदेशातून उम्र्याला येणाऱ्यांचा आकडा वर्षाला ३ कोटींवर न्यायचं ठरवलं आहे. यातला जवळजवळ प्रत्येक जण मदिनेला जाणार, आणि मदिनेला गेलेला प्रत्येक जण कुबाला. मोहल्ल्याच्या मशिदीएवढी मशीद त्यांना पुरणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. व्हीलचेअरवरच्या म्हातारीला आत जाता आलं पाहिजे, बायकांना नीट जागा पाहिजे, वजूखाने पाहिजेत. आईचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी जो उतार बांधला आहे, त्याच्या विरोधात मी लेख लिहिणार नाही.

पण गर्दीसाठी वाढवणं म्हणजे पाडणं, हे समीकरण कुठून आलं? कॉर्दोबाची जामा मशीद ८व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. गाव वाढलं, नमाजी वाढले आणि पुढच्या दोनशे वर्षांत तीनदा वाढवावी लागली. प्रत्येक वेळी जुन्या खांबांच्या रांगांना नव्या रांगा जोडल्या गेल्या. शेवटची वाढ अल-मन्सूरने केली, तीही बाजूला. आज ती इमारत कॅथेड्रल आहे, मध्ये ख्रिस्ती वेदी आहे, तरी पहिल्या अमिराचा भाग कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो ते खांबांवरून ओळखता येतं. सळई, सिमेंट, क्रेन नसताना हे जमलं.

इतकं लांब तरी कशाला जायचं? कुबापासून सुमारे तीन किलोमीटरवर मस्जिदे नबवी आहे. तिचा विस्तार जगातल्या सर्वांत मोठ्या विस्तारांपैकी, सरकते घुमट, आवारात त्या अजस्र छत्र्या. पण दक्षिणेकडे चालत गेलं की एके ठिकाणी छत ठेंगणं होतं, खांब जाड होतात, कमानींचा रंग बदलतो. तो १९व्या शतकाच्या मध्यात सुलतान अब्दुलमजीदने बांधलेला भाग. रौजा, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या कबरीलगतची जागा, तिथेच, हिरवा घुमट तिथेच. तिथे पाऊल टाकलं की बोलणारे आपोआप हळू बोलायला लागतात, हे मी तीन दिवस बघत होतो. म्हणजे ज्या शहरात, ज्या राजवटीत कुबाची जुनी मशीद पाडली गेली, त्याच शहरात नवं जुन्याला लावून बांधण्याची उत्तम मिसाल उभी आहे. मग गर्दी हे कारण कुबालाच का लागू पडलं?

आता अकीद्याचं उत्तर. इमारतींना, कबरींना, खुणांना चिकटून राहिलं की माणूस हळूहळू त्यांनाच पुजायला लागतो, आणि शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कशाला पुजणं, हा सर्वांत मोठा गुन्हा. या विचाराने १९२५-२६च्या सुमारास मदिनेच्या जन्नतुल बकी या कब्रस्तानातल्या कबरींवरचे घुमट पाडले गेले. त्याला दाखला दुसरे खलिफा हजरत उमर यांचा देतात. मक्केजवळच्या हुदैबियाला ज्या झाडाखाली बैअत (पैगंबरसाहेबांशी निष्ठेची शपथ) झाली होती, त्या झाडापाशी लोक मुद्दाम जाऊन नमाज पढू लागले, तेव्हा त्यांनी ते झाडच तोडायला लावलं, अशी रिवायत आहे. हा दाखला हलका नाही. आमच्याकडे दर्ग्यांवर जे काही चालतं, ते बघून मलाही कधी कधी हजरत उमरांची आठवण येते.

पण त्याच घरात दुसरी रीतही होती. त्यांचे चिरंजीव अब्दुल्लाह बिन उमर प्रवासात पैगंबरसाहेब जिथे जिथे थांबले, जिथे नमाज पढले, ती जागा शोधून तिथेच थांबायचे. सहीह बुखारीत हे आहे. आणि कुबाला दर शनिवारी, कधी चालत तर कधी स्वार होऊन पैगंबरसाहेब जात आणि दोन रकात पढत, ही हदीस आपल्यापर्यंत कुणाकडून आली? याच अब्दुल्लाह बिन उमरांकडून. ते स्वतःही शनिवारी जायचे. बापाला झाडाची भीती वाटली, मुलाला जागेची ओढ वाटली, आणि उम्मतने, म्हणजे मुस्लिम समाजाने, दोघांनाही आदरानेच वागवलं. आपण मात्र फक्त बापाचं उदाहरण पाठ केलं आहे.

शिवाय कुबाच्या बाबतीत शिर्काचा प्रश्न येतोच कुठे? तिथे कबर नाही, झाड नाही. लोक तिथे नमाजच पढतात, आणि पढा असं सांगितलेलंच आहे. जुन्या भिंतीत पढली तर शिर्क आणि नव्या संगमरवरावर पढली तर तौहीद (एकेश्वरनिष्ठा), असं कुठल्या किताबात आहे? उलट याच सूरहमध्ये, बरोबर आधीच्या आयतीत, एक मशीद गाजली आहे ती पाडल्याबद्दल. मस्जिदे जिरार, कुबाच्याच परिसरात बांधलेली, पैगंबरसाहेबांनी ती पाडायला लावली. कारण दिलं आहे ते बांधणाऱ्यांच्या नियतीचं: मोमिनांत (श्रद्धावानांत) फूट पाडावी म्हणून बांधली. ती लहान होती, जुनी झाली होती, गळत होती असं कुणी म्हटलेलं नाही.

आणि अकीद्याचंच कारण खरं असतं तर अज्याद किल्ल्याचं काय? मक्केत हरमच्या, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीच्या, शेजारच्या टेकडीवरचा हा १८व्या शतकातला ऑटोमन किल्ला २००२च्या जानेवारीत टेकडीसकट काढून टाकला. त्या किल्ल्याला कुणी सजदा करत नव्हतं. त्याच्या जागी आज ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा, हॉटेलं आणि मॉल उभे आहेत. तुर्कस्तानने तेव्हा निषेध केला होता, बाकी मुसलमान जग बहुतेक गप्प राहिलं. मशीद असो की किल्ला, हिशेब जमिनीचा असतो, आणि दीनचं (धर्माचं) नाव त्याला नंतर चिकटवलं जातं, असा संशय मला तेव्हापासून आहे. तो दूर करणारं काही अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.

न्यायाने सांगायचं तर तिथेही वारं बदललं आहे. रियाधजवळच्या दिरियाचा जुना तुरैफ भाग २०१०मध्ये आणि जेद्दाचं जुनं शहर २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. एप्रिल २०२२मध्ये कुबाच्या नव्या विस्ताराची घोषणा झाली: ५ हजार चौरस मीटरवरून ५० हजार, नमाजी मावतील ६६ हजार. त्याच योजनेत आसपासच्या विहिरी, बागा, वाटा अशा ५७ जागा पुन्हा उजेडात आणायच्या आहेत. जाहीर आराखड्याप्रमाणे सध्याची मशीद मध्ये राहून तिच्या चारही बाजूंना सावलीची आवारं जोडायची आहेत. म्हणजे ४० वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं, तेच आता होऊ घातलं आहे. फक्त आता पोटात घ्यायला अल-वकीलची मशीद आहे. तीही चाळिशीची झाली, घ्या सांभाळून. आणि एवढं करताच आहात तर फरशीत एक वेगळ्या रंगाची रेघ ओढा, ऑटोमन मशिदीच्या भिंती जिथून जायच्या तिथून. एका कोपऱ्यात तिचे जुने फोटो लावा. नानांची मशीद कुठे होती हे आईला तीस मिनिटांत दाखवता यावं, एवढीच अपेक्षा.

सौदी सरकारला एका मराठी माणसाने सल्ला द्यावा, याचं मलाही हसू येतं. पण मी कुबाबद्दल इतका हट्टाने बोलतो त्याचं खरं कारण कोकणातलं आहे.

कोकणचं आणि अरबांचं नातं बोटीइतकं जुनं. अल-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, येऊन गेला आणि तिथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. राष्ट्रकूटांचं राज्य होतं तेव्हा. त्या शतकातल्या अरब प्रवाशांच्या लिखाणात या किनाऱ्यावरच्या जामा मशिदींचाही उल्लेख येतो. असा वारसा असलेल्या मुलखात आमच्या मशिदी कशा होत्या? जांभ्याच्या भिंती, सागाचे खांब, उतरतं कौलारू छप्पर, पुढे वजूचा हौद. लांबून बघितलं तर देऊळ की मशीद की खोताचा वाडा, पटकन कळू नये. पाऊस एकच, दगड एकच, सुतारही बहुधा एकच.

गेल्या चाळीसेक वर्षांत आखाताचा पैसा आला आणि यातल्या कितीतरी मशिदी उतरवल्या गेल्या. त्या जागी स्लॅब, फायबरचा हिरवा घुमट, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, आणि उकाडा असह्य झाला म्हणून मग एसी. वाडीतल्या देवळांचंही तेच. चाकरमान्यांनी वर्गणी काढली, कौलं उतरवली, लाकडी कोरीव खांब विकले आणि ऑइलपेंट मारलेलं काँक्रीटचं शिखर चढवलं. त्याला जीर्णोद्धार म्हणतात. पंढरपूरला २०२४मध्ये विठ्ठलमंदिरातल्या नंतर बसवलेल्या फरशा, संगमरवर, ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला, तेव्हा फोटो बघून माझ्या एका वारकरी मित्राने फोन केला होता. म्हणाला, "अरे, आम्ही इतकी वर्षं टाईल्सवरच डोकं टेकत होतो की रे." त्याच पंढरपुरात मंदिराभोवतीची घरं, वाडे पाडून कॉरिडॉर करायचा वाद मात्र चालूच. गाभाऱ्यात कळलेलं दाराबाहेर यायला वेळ लागतो.

आमच्या गावच्या जमातीची, म्हणजे मशिदीच्या मंडळींची, ती बैठक मला अजून आठवते. गावाचं नाव घेत नाही. मशीद पावसाळ्यात तीन ठिकाणी गळत होती हे खरं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, रस्त्यावर सफा (नमाजाच्या रांगा) टाकाव्या लागत होत्या, तेही खरं. मागे मोकळी जागा होती, तिकडे वाढवता आली असती. तसं एका सुताराने उठून सांगितलंही. त्यावर कुवेतहून सुट्टीवर आलेला एक जण म्हणाला, "अहो चाचा, कुबाची मशीद पाडून नवी बांधली, मग आपली काय मोठी लागून गेली?" बैठक तिथेच संपली. कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि माझं वय तेव्हा असं होतं की मला नवी मशीदच हवी होती. पाच हजारांची पावती मीही फाडली आहे.

खांब उतरवताना त्यांवर जुनी तारीख कोरलेली निघाली, हिजरी सनातली, चुन्याच्या थरांखाली इतकी वर्षं झाकलेली. मशिदीचे कारभारी असलेल्या मुतवल्लींनी ती कापडाने पुसली, सगळ्यांना दाखवली आणि खांब आपल्या गोठ्यामागे नेऊन रचले. आठ आहेत. मध्यंतरी एका हॉटेलवाल्याने त्यांचे चांगले पैसे देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. नव्या मशिदीचा स्लॅब आता गळतो आहे आणि मागच्या मोकळ्या जागेत शेड घालायची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन खांब बघून आलो. वाळवी लागलेली नाही.